राउटरच्या कमांड पाठ किती करायच्या, आणि बिघाड शोधायला सुरुवात कुठून?

तिसरं_सेमिस्टर (रविवार, रात्री ९:१२)

नमस्कार. डिप्लोमाला आहे, डिचोलीहून ये-जा करतो. पुढच्या आठवड्यात नेटवर्किंगचं प्रॅक्टिकल आणि त्याला जोडूनच व्हायवा. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'महत्त्वाच्या राउटर कमांड' अशी एक पीडीएफ फिरतेय. पानंच्या पानं नुसत्या कमांड, कुठली कधी वापरायची याचा पत्ता नाही. निम्मा वर्ग ती घोकतोय. मला घोकंपट्टी जमत नाही. तर खरंच पाठ काय हवं, आणि बिघाड समोर आला की पहिली कमांड कुठली मारायची?

दुसरं म्हणजे सरांनी पॅकेट ट्रेसरची (सिस्कोचं, संगणकावरच नेटवर्क मांडून बघायचं सॉफ्टवेअर) एक फाइल दिलीय, आत मुद्दाम बिघाड पेरून. राउटरांची नावं फोंडा आणि डिचोली. मध्ये सिरियल लिंक, फोंड्याकडे १०.०.०.१, डिचोलीकडे १०.०.०.२, मास्क /३०. फोंड्याचं लॅन १९२.१६८.१०.०/२४, डिचोलीचं १९२.१६८.२०.०/२४. दोन्हीकडे स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेले रस्ते. सिरियलला क्लॉक रेट (लिंकचा वेग ठरवणारा ठोका) नव्हता, तो घातल्यावर लिंक वर आली. आता फोंडा राउटरवरून १९२.१६८.२०.१ ला पिंग केलं की पाचही उद्गारचिन्हं येतात. पण फोंड्याच्या पीसीवरून, म्हणजे १९२.१६८.१०.५ वरून, तोच पत्ता पिंग केला की रिक्वेस्ट टाइम्ड आउट. पीसीवरून १९२.१६८.१०.१ ला मात्र पिंग व्यवस्थित लागतं. इथे गाडं अडलंय.

पातळभाजी (रविवार, रात्री ९:२०)

फोंड्याहून थेट डिचोली? मध्ये माशेलला उतरावं लागत नाही? सरांना साष्टांग.

लिनक्सवाला_म्हापसा (रविवार, रात्री ९:३१)

पीसीवर डिफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेरच्या नेटवर्ककडे जायचा दरवाजा, घातला नसेल. दहातल्या नऊ वेळा तेच असतं. बघ आणि सांग.

तिसरं_सेमिस्टर (रविवार, रात्री ९:३४)

पण गेटवेला पिंग जातंय ना? मग गेटवे बरोबरच असणार.

रोलओव्हर (रविवार, रात्री १०:०५)

नाही रे, तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. १९२.१६८.१०.१ तुझ्याच सबनेटमधला पत्ता. तिथे जायला पीसीला गेटवे लागतच नाही, आर्प करून, म्हणजे 'हा पत्ता कोणाचा' असं लॅनवर विचारून, थेट पोचतो. गेटवेचा रकाना कोरा असला तरी ते पिंग लागेल. गेटवे तपासायचा तर पीसीवरून फोंड्याच्याच पलीकडच्या पायाला, १०.०.०.१ ला पिंग कर. ते लागलं तर गेटवे ठीक, लिनक्सवाल्यांचा अंदाज बाद.

आता पहिल्या प्रश्नाकडे. पहिली कमांड कुठली, याला माझं उत्तर ठरलेलं आहे: शो आयपी इंटरफेस ब्रीफ. थोडक्यात टाइप करायची तर 'एसएच आयपी आयएनटी बीआर'. त्यात शेवटचे दोन रकाने वाचता आले की निम्मं काम झालं. स्टेटस आणि प्रोटोकॉल.

'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन' दिसलं तर कोणीतरी इंटरफेस बंद ठेवलाय, म्हणजे 'नो शटडाउन' द्यायचं राहिलंय. राउटरचे इंटरफेस मुळातच बंद येतात, स्विचचे पोर्ट उघडे येतात. स्विचवर हात बसलेली मुलं राउटरवर इथेच अडकतात. 'डाउन, डाउन' म्हणजे समोरून सिग्नलच नाही. केबल, पोर्ट, किंवा पलीकडचं यंत्र बंद. इथे आयपी तपासत बसणं म्हणजे वेळ वाया. 'अप, डाउन' म्हणजे तार जिवंत आहे पण दोघांचं बोलणं जुळत नाही. सिरियलवर क्लॉक रेट नाही, किंवा एकीकडे पीपीपी आणि दुसरीकडे एचडीएलसी, म्हणजे लिंकवर बोलायच्या दोन वेगळ्या पद्धती. केबलचं कुठलं टोक डीसीई (ठोका देणारं) हे 'शो कंट्रोलर्स सिरियल' सांगतं, क्लॉक रेट त्याच टोकाला द्यायचा. आणि 'अप, अप' असूनही काम होत नसेल तर मगच वरच्या थराकडे, म्हणजे पत्ते, मास्क आणि रूट यांच्याकडे वळायचं.

खालून वर जायचं. पीडीएफमधल्या बाकी कमांड या शिडीवर कुठे बसतात ते बघ, आपोआप लक्षात राहतील.

आयटीआय_मास्तर (रविवार, रात्री १०:४०)

रोलओव्हर यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत, पण 'पाठ करू नका' हे ऐकायला जितकं गोड तितकं परीक्षेत महाग पडतं. मी शिकवतो, दर वर्षी बघतो. मुलाला सगळं समजलेलं असतं, पण इंटरफेसच्या आत शिरायचं कसं इथे घाम फुटतो. काही गोष्टी बोटांत बसलेल्याच पाहिजेत.

एनेबल, मग कॉन्फिगर टर्मिनल, मग होस्टनेम. इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/०, त्यात आयपी अ‍ॅड्रेस १९२.१६८.१०.१ २५५.२५५.२५५.०, त्याखाली नो शटडाउन. बाहेर येऊन 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'. एवढं डोळे मिटून आलं पाहिजे. शेवटची ओळ तर नक्कीच. रनिंग कॉन्फिग रॅममध्ये असतं, स्टार्टअप कॉन्फिग एनव्हीरॅममध्ये. आपल्याकडे जून उजाडला की लायट कधी जाईल याचा नेम नाही. दोन तास मांडलेलं कॉन्फिग सेव्ह न करता लायट गेली की पहिल्यापासून हरिओम.

प्रॉम्प्ट वाचायची सवयही लाव. 'मोठं' चिन्ह (>) म्हणजे साधा युजर, हॅश (#) म्हणजे अधिकार मिळाला, कंसात कॉन्फिग म्हणजे बदल करायच्या जागी आहेस. 'इनव्हॅलिड इनपुट' आलं की निम्म्या वेळा कमांड बरोबर असते, खोली चुकलेली असते. शंका आली तर प्रश्नचिन्ह टाइप कर, पुढे काय चालतं ते राउटरच सांगतो. कॉन्फिग मोडमधूनच शो कमांड हवी असेल तर आधी 'डू' लाव.

तिसरं_सेमिस्टर (रविवार, रात्री १०:५२)

धन्यवाद सर. एक विचारू? कमांड लिहिताना अक्षर चुकलं की राउटर 'ट्रान्सलेटिंग' म्हणून गप्प बसतो, काहीच करता येत नाही. लॅबमध्ये सगळे तेव्हा बंद करून चालू करतात.

आयटीआय_मास्तर (रविवार, रात्री १०:५८)

अरे बापरे. बंद कशाला करता? तो चुकलेला शब्द एखाद्या मशीनचं नाव असेल असं समजून राउटर डीएनएसला विचारत बसलेला असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि ६ एकत्र दाब, सुटतो. कायमचा उपाय म्हणजे सुरुवातीलाच 'नो आयपी डोमेन-लुकअप'. आणि लाइन कन्सोल ० मध्ये 'लॉगिंग सिंक्रोनस' दे, म्हणजे टाइप करताना मध्येच संदेश आला तरी तुझी ओळ तुटत नाही.

वेर्णा_शिफ्ट (रविवार, रात्री ११:३०)

कारखान्याची आयटी सांभाळतो, रात्रपाळी चालू आहे म्हणून वाचतोय. पॅकेट ट्रेसर चांगलाच, पण त्यात एक गोष्ट कधीच शिकायला मिळत नाही: घाण. तिथली केबल कधी गंजत नाही.

आमच्याकडे एका यंत्राचं नेटवर्क पावसाळा आला की मंदावायचं. बंद पडत नव्हतं हीच पंचाईत, पडलं असतं तर लगेच सापडलं असतं. पिंग लागायचं, मध्येच एखादं गळायचं. सगळे सॉफ्टवेअरला दोष देत होते. 'शो इंटरफेसेस' मारून खालच्या ओळी वाचल्या तर सीआरसीचा, म्हणजे वाटेत खराब झालेल्या डेटाचा, आकडा भलामोठा. तो आकडा यंत्र चालू झाल्यापासूनचा असतो, त्यामुळे नुसता मोठा आहे म्हणून घाबरायचं नाही. 'क्लिअर काउंटर्स' द्यायचं, चहा पिऊन यायचं आणि परत बघायचं. वाढत असेल तर बिघाड आजचा. आमचा वाढत होता. आरजे४५ काढून मोबाइलच्या टॉर्चखाली धरला तर आठांपैकी दोन पिनांवर हिरवट थर. खाऱ्या दमट हवेत तांब्याला बाधा व्हायचीच. नवीन कनेक्टर मारला, आकडा थांबला.

दुसरी गंमत डुप्लेक्सची, म्हणजे दोघांनी एकाच वेळी बोलायचं (फुल) की आळीपाळीने (हाफ) याची. एका बाजूला कोणीतरी १०० फुल असं ठोकून ठेवलेलं आणि स्विच ऑटोवर. ऑटोवाल्याला समोरून काही बोलणंच मिळत नाही, म्हणून तो हाफवर उतरतो. मग हाफच्या बाजूला लेट कोलिजन आणि फुलच्या बाजूला सीआरसी. लिंकचा दिवा हिरवागार, 'अप, अप' सुद्धा दिसतं. म्हणून रोलओव्हर यांना नम्र दुरुस्ती: 'अप, अप' आलं की तार निर्दोष असं धरू नये.

रोलओव्हर (रविवार, रात्री ११:४१)

मान्य. प्रत्यक्ष कामात 'शो इंटरफेसेस' त्याच पायरीवर घ्यायची.

कुळागर (सोमवार, सकाळी ७:०५)

धागा चुकला असेल तर क्षमस्व. सावईवेऱ्याला घर आहे. पावसात वीज पडली की आमचा राउटर जळतो, बदलून दिला की पुढच्या गडगडाटात पुन्हा तेच. फायबर तर काचेचा, त्यातून वीज कशी येते? आणि हल्ली दुसराच त्रास: डब्यावर एलओएस नावाचा लाल दिवा मधूनमधून लागतो. याला कुठली कमांड?

पातळभाजी (सोमवार, सकाळी ७:३०)

काका, गडगडाट सुरू झाला की 'शटडाउन'. हाताने. प्लगसकट.

मांडवीपार (सोमवार, सकाळी ८:१५)

पातळभाजी हसण्यावारी नेतायत, पण उत्तर तेच आहे. फायबरमधून वीज येत नाही, अ‍ॅडॉप्टरमधून येते. आणि घरात राउटरपासून टीव्हीपर्यंत किंवा वरच्या मजल्यावर तांब्याची लॅन केबल ओढली असेल तर तिच्यातूनही. गडगडाट सुरू झाला की प्लग आणि लॅन केबल दोन्ही काढून ठेवा. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

एलओएस लाल म्हणजे समोरून प्रकाशच पुरेसा येत नाही. त्याला कमांड नाही, तक्रार नोंदवायची. त्याआधी एवढं करता येईल: राउटरच्या पानावर लॉगिन करून ऑप्टिकल पॉवर की आरएक्स पॉवर असा आकडा दिसतो का बघा. तो ऋण असतो. नेहमीच्या जीपॉन (घरगुती फायबर) जोडणीत मायनस २७ डीबीएमच्या खाली गेला की डबा धडपडायला लागतो. मायनस २० च्या आसपास असेल तर तब्येत उत्तम. आणि घरात फायबर कुठे कपाटामागे मुडपलाय का तेही बघा.

आता धाग्यावर. मी पर्वरीला मॉनिटरिंगच्या टीममध्ये आहे, स्क्रीनसमोर बसून दुसऱ्यांचे राउटर सुधारण्याचं काम. आमच्याकडे पहिली कमांड तोंडी असते: "शेवटचं काय बदललं?" चालू असलेलं नेटवर्क आपणहून क्वचित बिघडतं, बहुतेक वेळा कोणीतरी हात लावलेला असतो. त्यानंतर शो लॉगिंग, त्यात वेळेसकट दिसतं कुठला इंटरफेस कधी पडला. घड्याळ बरोबर लावलेलं नसेल तर ते वाचून काही कळत नाही, म्हणून एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणं.

परीक्षेत कोणी विचारणार नाही, पण नोकरीत पहिल्या महिन्यात लागेल अशी एक गोष्ट सांगते. लांबच्या राउटरवर एसएसएचने काम करताना असा बदल केलास की तुझीच वाट बंद झाली, तर तिथे गाडी काढून जावं लागतं. काणकोणच्या टोकाला असेल तर गेला दिवस. त्यावर उपाय: बदलाच्या आधी 'रीलोड इन १०'. सेव्ह करू का विचारेल, नाही म्हणायचं. मग बदल करायचा. सगळं ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल' आणि नंतर सेव्ह. वाट बंद झाली तर दहा मिनिटांनी राउटर आपोआप सुरू होतो आणि जुनं, सेव्ह केलेलं कॉन्फिग घेऊन उठतो. अ‍ॅक्सेस लिस्ट (कुठलं पॅकेट सोडायचं, कुठलं अडवायचं याची यादी) लावताना तर हे हवंच, कारण तिच्या शेवटी न लिहिलेली 'सगळं नाकार' ही ओळ असतेच.

लिनक्सवाला_म्हापसा (सोमवार, सकाळी ९:४०)

डीबगबद्दलही सांगा ना ताई. मुलं 'डीबग आयपी पॅकेट' मारून मोकळी होतात.

मांडवीपार (सोमवार, सकाळी ९:५२)

लॅबमध्ये बिनधास्त मारा. गर्दीच्या राउटरवर मारलं तर प्रोसेसर त्यातच बुडतो आणि मग कन्सोलही उत्तर देत नाही. मारायचंच असेल तर आधी 'अनडीबग ऑल' टाइप करून एकदा चालवून ठेवायची. मग अडचण आली की वरचा बाण दाबत तिच्यापर्यंत जायचं आणि एंटर. एसएसएचवरून बघत असाल तर 'टर्मिनल मॉनिटर' दिल्याशिवाय डीबगचे संदेश दिसत नाहीत, आणि मग माणूस म्हणतो डीबग चालतच नाही.

लिनक्सवाला_म्हापसा (सोमवार, सकाळी १०:२०)

माझा आक्षेप वेगळाच आहे. सगळा अभ्यासक्रम एकाच कंपनीच्या कमांडवर का? लहान धंद्यांत, हॉटेलांत मिक्रोटिक आणि लिनक्सचे डबे असतात. आयपी अ‍ॅड्र, आयपी रूट, आयपी नेबर या तीन कमांड आल्या की त्याच गोष्टी कळतात. वर एमटीआर, ज्यात पिंग आणि ट्रेसरूट एकत्र चालतं. ते शिकवत नाहीत आणि मुलं २०-२० वर्षं जुन्या सिरियल केबलला क्लॉक रेट घालत बसतात. बाहेर सिरियल लिंक शिल्लक तरी किती?

आयटीआय_मास्तर (सोमवार, सकाळी ११:०५)

मुद्दा खरा आहे. सिरियल आता अभ्यासक्रमातच जास्त दिसते. पण कुठून तरी सुरुवात करावी लागते, आणि सिस्कोची भाषा इतरांनी इतकी उचललीय की ती आली की बाकीच्यांची वाचता येते. राउटिंग टेबल वाचायला शिकलेला मुलगा कुठल्याही डब्यावर ते वाचेल.

वेर्णा_शिफ्ट (सोमवार, सकाळी ११:१२)

मिक्रोटिकवर सेव्ह करायची कमांडच नाही, बदल केला की तो जागच्या जागी पक्का. सवय बदलताना धाप लागते. झोपायला चाललो.

रोलओव्हर (सोमवार, दुपारी १:३०)

भाषेवरून भांडण नंतर करू, पोराचं पिंग राहिलंय. काय रे, १०.०.०.१ लागलं का पीसीवरून?

तिसरं_सेमिस्टर (सोमवार, सायंकाळी ६:४८)

आत्ता घरी पोचलो. १०.०.०.१ लागतं! म्हणजे गेटवे ठीक. मग मनाने १०.०.०.२ पण करून बघितलं, ते टाइम आउट. फोंडा राउटरवर शो आयपी रूट केलं, १९२.१६८.२०.० ला 'एस' (स्टॅटिक) लावलेली ओळ आहे, १०.०.०.२ कडून. पीसीवर ट्रेसर्ट (वाटेतले राउटर दाखवणारी कमांड) मारलं तर पहिली उडी १९२.१६८.१०.१, पुढे नुसत्या चांदण्या. मला वाटतं डिचोलीच्या राउटरवर अ‍ॅक्सेस लिस्ट असावी.

पातळभाजी (सोमवार, सायंकाळी ६:५५)

पॅकेट वस्तीच्या गाडीने डिचोलीला गेलंय. परत यायला सकाळपर्यंत गाडी नाही.

रोलओव्हर (सोमवार, रात्री ८:१०)

पातळभाजीने थट्टेत उत्तर देऊन टाकलं. अ‍ॅक्सेस लिस्टची शक्यता मी आत्ता मागे ठेवीन, कारण ती पॅकेट अडवते तेव्हा राउटर साधारणपणे अनरीचेबलचा निरोप पाठवतो. तुझ्याकडे तर शांतता आहे.

दोन निरोपांतला फरक बघ. फोंड्याला रस्ता माहीत नसता तर त्यानेच उलट उत्तर दिलं असतं, पीसीवर 'रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१०.१: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' दिसलं असतं. ते उत्तर देणाऱ्याचा पत्ता बघायचा, रस्ता जिथे संपला तो राउटर तोच. तुला मिळतोय टाइम आउट. म्हणजे पॅकेट गेलं, आणि परतीचं कुठेतरी हरवलं.

मग राउटरवरून पिंग का लागतं? कारण राउटर पॅकेट पाठवताना ज्या इंटरफेसमधून ते बाहेर पडतं त्याचा पत्ता पाठवणाऱ्याच्या जागी लिहितो. तुझ्या बाबतीत १०.०.०.१. तो डिचोलीच्या थेट शेजारचा, त्याला उत्तर द्यायला डिचोलीला कुठलाही रूट लागत नाही. पीसीचं पॅकेट मात्र १९२.१६८.१०.५ नावाने जातं.

आता खात्री करायची ती अशी. फोंडा राउटरवर नुसतं 'पिंग' टाइप करून एंटर मार, पुढे काही लिहू नकोस. एकेक प्रश्न विचारत जाईल. टार्गेट १९२.१६८.२०.१. 'एक्स्टेंडेड कमांड्स' विचारलं की वाय. सोर्स विचारलं की १९२.१६८.१०.१. हे अडलं तर दोष परतीच्या रस्त्यात. मग डिचोलीवर जाऊन 'शो रन' मध्ये आयपी रूटच्या ओळी वाच. नीट वाच, एकेक आकडा.

आयटीआय_मास्तर (सोमवार, रात्री ८:२५)

हे एक्स्टेंडेड पिंग व्हायवाला सांगितलंस तर परीक्षक पुढचे दोन प्रश्न विचारायचे सोडून देतील. नुसतं 'पिंग लागत नाही' म्हणणारी मुलं ऐकून कान किटलेत.

जाता जाता: पहिल्या पिंगला एक टिंब आणि चार उद्गारचिन्हं आली, ८० टक्के, तर घाबरू नये. पहिलं पॅकेट गेलं तेव्हा आर्प अजून व्हायचं होतं. पुन्हा मारलं की पाचही येतात.

लिनक्सवाला_म्हापसा (सोमवार, रात्री ८:४०)

पिंगवरून आठवलं. ते माइक मुस नावाच्या माणसाने १९८३ च्या डिसेंबरात लिहिलं, पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून नाव. नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणून त्यालाही हाताशी काहीतरी साधन हवं होतं. त्याच कामासाठी आपण आजही वापरतोय.

तिसरं_सेमिस्टर (सोमवार, रात्री ९:३३)

सापडलं!!! सोर्स बदलल्यावर पाचही टिंबं आली. डिचोलीवर रूट आहे, पण सरांनी १९२.१६८.१००.० लिहून ठेवलंय. १० च्या जागी १००. शो आयपी रूटमध्ये 'एस' दिसतो म्हणून मी वरवर बघून पुढे गेलो असतो.

बरोबर रूट घातला, पिंग लागलं. पण जुना १०० वाला अजून दिसतोच आहे?

मांडवीपार (सोमवार, रात्री ९:४५)

शाबास. स्टॅटिक रूट नवीन घातला म्हणून जुना पुसला जात नाही, दोन्ही राहतात. अख्खी जुनी ओळ तशीच्या तशी, पुढे 'नो' लावून द्यायची. तसाच ठेवलास तर आज त्रास नाही, पण उद्या कोणी खरंच १९२.१६८.१००.० वापरायला घेतलं की दुसरा कोणी असाच धागा काढेल.

तिसरं_सेमिस्टर (सोमवार, रात्री ९:५२)

काढला. एक मित्र म्हणतो एवढी खटपट कशाला, दोन्ही राउटरवर ०.०.०.० ०.०.०.० वाला डिफॉल्ट रूट एकमेकांकडे दाखवायचा, झालं काम.

रोलओव्हर (सोमवार, रात्री १०:२०)

काम होईल. मग त्याला सांग पीसीवरून कुठेच नसलेल्या पत्त्याला ट्रेसर्ट मारायला, समजा १७२.१६.५.५. फोंडा म्हणेल मला माहीत नाही, डिचोलीला विचार. डिचोली म्हणेल फोंड्याला. स्क्रीनवर दोन्ही राउटरांचे पत्ते आळीपाळीने येत राहतील. पॅकेट टीटीएल (किती उड्या मारायच्या याची मर्यादा) संपेपर्यंत येरझाऱ्या घालत फिरतं. डिफॉल्ट रूट एकाच दिशेने हवा, बाहेरच्या जगाकडे. आतल्या बाजूला नेमके रूट लिहायचे.

आणि रूट निवडताना आधी सगळ्यात लांब मास्क जुळणारा बघितला जातो, हे पाठच कर. तोच प्रीफिक्स दोन ठिकाणांहून कळला तरच अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्सचा, म्हणजे कुठल्या माहितीवर किती भरवसा याच्या आकड्याचा, विचार. आकडा लहान तितका भरवसा जास्त. थेट जोडलेला ०, स्टॅटिक १, ओएसपीएफ ११०, रिप १२० (हे दोन राउटरांनी आपसांत रस्ते कळवायचे प्रोटोकॉल). मुलं हे नेमकं उलट क्रमाने सांगतात.

वेर्णा_शिफ्ट (सोमवार, रात्री ११:४०)

पासवर्डवर कोणी बोललंच नाही. व्हायवात हमखास असतं. 'एनेबल पासवर्ड' नको, 'एनेबल सीक्रेट' द्या. 'सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन' मुळे पासवर्ड वेडावाकडा दिसतो, पण तो टाइप ७ उलगडायला काहीच लागत नाही. पाठीमागून डोकावणाऱ्यापुरतंच ते. टेलनेट बंद करून एसएसएच: होस्टनेम बदललेलं हवं, आयपी डोमेन-नेम हवं, मग क्रिप्टो की जनरेट आरएसए, २०४८. युजरनेम आणि सीक्रेट. शेवटी लाइन व्हीटीवाय ० ४ मध्ये लॉगिन लोकल आणि ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच.

पासवर्ड हरवला तर रॉममॉनमध्ये (राउटर सुरू होतानाचा दुरुस्तीचा मोड) जाऊन कॉन्फिग रजिस्टर ०एक्स२१४२, मग राउटर स्टार्टअप कॉन्फिग न वाचता उठतो. काम झालं की ०एक्स२१०२ वर परत आणायचंच. नाहीतर पुढच्या वेळी लायट गेली की राउटर कोरा आणि कॉन्फिग गेलं म्हणून बोंबाबोंब. गेलेलं नसतं, एनव्हीरॅममध्ये तसंच असतं.

तिसरं_सेमिस्टर (मंगळवार, सकाळी ६:५०)

पीडीएफ बंद केली. वहीत एक पान झालंय, वर शो आयपी इंटरफेस ब्रीफ आणि खाली उतरत सगळं. कन्सोल केबलबद्दल शेवटचं: माझ्या लॅपटॉपला जुना सिरियल पोर्ट नाही, कॉलेजातली निळी केबल लागत नाही.

वेर्णा_शिफ्ट (मंगळवार, सकाळी ७:१०)

यूएसबी ते आरजे४५ अशी थेट कन्सोल केबल मिळते, ती घे. ड्रायव्हर बसल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर बघ आणि पुटी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये तोच लिही. वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल नाही. स्क्रीन काळी राहिली तर एकदा एंटर दाब, राउटर त्याचीच वाट बघत असतो. कचरा अक्षरं आली तर वेग चुकलाय.

कुळागर (मंगळवार, सायंकाळी ५:२५)

मांडवीपार ताई, आकडा सापडला. मायनस २९.४. तक्रारीत तोच लिहिला तर आज माणूस आला. पोफळीवरून आलेली केबल खारीने कुरतडलेली, आत जेमतेम जोडलेली. नवीन जोड मारला, आता मायनस २१.२ दाखवतोय. लाल दिवा गेला.

पातळभाजी (मंगळवार, सायंकाळी ५:३१)

खारीवर अ‍ॅक्सेस लिस्ट लावा.

कुळागर (मंगळवार, सायंकाळी ५:४०)

सुपाऱ्यांवर पण लावायचीय. ती कमांड असेल तर कळवा.